मॉड्युलर ॲम्प करकरतोय? आधी मॉड्यूल बदलून बघा

गावच्या दुर्गोत्सवात ऐन कार्यक्रमाआधी गिटारचा मॉड्युलर ॲम्प (ज्यातले सुटे भाग, म्हणजे मॉड्यूल, काढून बदलता येतात) करकरायला लागला, तर सरसकट सगळ्या ट्यूब (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) बदलायला घेऊ नका. नागपूरहून नवीन ट्यूब येईस्तोवर कार्यक्रम आटोपलेला असतो.

अशा ॲम्पमध्ये सहसा प्रत्येक मॉड्यूलच्या स्वतःच्या प्रीॲम्प ट्यूब (सिग्नल सुरुवातीला वाढवणाऱ्या) असतात. फेज इन्व्हर्टरची (पॉवर ट्यूबसाठी सिग्नलचे दोन उलटसुलट भाग करणारी) ट्यूब मात्र मुख्य चॅसीवर, म्हणजे ॲम्पच्या धातूच्या सांगाड्यावर, स्पीकर चालवणाऱ्या पॉवर ट्यूबच्या शेजारी. म्हणून ॲम्प बंद करा, दुसरं मॉड्यूल लावा. करकर गेली तर दोष मॉड्यूलचा; तशीच राहिली तर चॅसीवरच्या ट्यूबकडे बघा.

मॉड्यूलमधली पहिली ट्यूब सगळ्यात महत्त्वाची. गिटारचा नाजूक सिग्नल तिथेच पहिल्यांदा वाढतो आणि तिथली खरखरही पुढच्या प्रत्येक टप्प्यावर मोठी होत जाते. जवळची सगळ्यात शांत ट्यूब इथेच लावा. ट्यूबपर्यंत बाहेरून हात पोचत असेल, तर ॲम्प सुरू ठेवून काचेवर लाकडी पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. बारीक टकटक चालते; पण स्पीकरमधून 'टण्ण' असा घुमणारा आवाज आला, तर ती ट्यूब मायक्रोफोनिक झाली, म्हणजे धक्के-कंपनंही आवाजात उचलायला लागली. चॅसी मात्र उघडू नका, आत शेकडो व्होल्ट असतात.

डिस्टॉर्शन (आवाजाचा फाटका खरखरीतपणा) फार अंगावर येतंय? पहिल्या जागी १२एएक्स७ ही नेहमीची प्रीॲम्प ट्यूब काढून ५७५१ ही कमी गेनची ट्यूब लावा. गेन फॅक्टर (सिग्नल वाढवण्याची क्षमता) १०० वरून ७० वर येतो, बायसला (ट्यूबमधल्या प्रवाहाच्या सेटिंगला) हात लावावा लागत नाही.

आणि शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, ट्यूब तापवणारा आतला हीटर मंदावतो, सूर मेल्यासारखा वाटतो. ट्यूबला दोष देण्याआधी स्टॅबिलायझर लावून ऐका.