ख्रिस्ती डिस्टोपियन कादंबरी लिहिताय? आधी नायिकेची किंमत कोण लावतंय ते ठरवा

तरुण मुलींसाठी ख्रिस्ती डिस्टोपियन, म्हणजे काल्पनिक जुलमी राज्यातली गोष्ट, लिहायची म्हटलं की बरेच जण पहिले पन्नास पानं भिंती, ड्रोन, कॅमेरे रंगवण्यात घालवतात आणि देवाला शेवटच्या तीन चॅप्टरमध्ये कोंबतात. हे उलटं करा. आधी एवढंच ठरवा की तुमच्या राज्यात मुलीची किंमत कशावर ठरते.

अमेरिकेत या प्रकारची बरीच पुस्तकं आली, त्यातली दोन बघा. क्रिस्टा मॅक्गीच्या 'अ‍ॅनॉमली'मध्ये (२०१३) राज्याने माणसांच्या भावनाच काढून टाकल्यात, त्यामुळे ज्या थॅलीला काहीतरी वाटतं ती सरळ बिघडलेला माल ठरते. नदीन ब्रँडिसच्या 'अ टाइम टू डाय'मध्ये (२०१४) माणूस कधी मरणार ते सांगणारी घड्याळं आहेत आणि पार्विनच्या हातात उरलंय एक वर्ष. दोन्हीकडे मोजपट्टी कथेच्या पोटातच आहे, वरून चिकटवलेली नाही. तुमची मोजपट्टी शोधायला लांब जाऊ नका, मार्क, फॉलोअर्स, वजन, लग्नाच्या बायोडाटातला 'गोरी, सडपातळ' हा रकाना, यातलं एक उचला आणि त्याला कायद्याची ताकद द्या.

आता खरी गोची. नायिकेत काहीतरी स्पेशल पॉवर निघते, ती निवडलेली असते, म्हणून ती मौल्यवान! अहो मग सरकार काय वेगळं म्हणत होतं? तेही कुवत बघूनच भाव लावत होतं ना. म्हणून तिची जी काही खासियत असेल, आवाज, धावणं, डोकं, ती मधल्या भागात कधीतरी हिरावून घ्या आणि तरीही देवाच्या लेखी तिची किंमत तसूभर कमी झालेली नाही हे प्रसंगातून दिसू द्या. बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानात एका दमडीला दोन चिमण्या विकतात आणि लूकच्या शुभवर्तमानात दोन दमड्यांना पाच, म्हणजे हिशोब केला तर पाचवी चिमणी फुकटात घातलेली, आणि देव तिलासुद्धा विसरत नाही असं येशू सांगतो. तुमची नायिका ही पाचवी चिमणी आहे असं धरून लिहा, निम्मे प्रॉब्लेम तिथेच सुटतात.

प्रसंग कसा लिहायचा? समजा रूथ रेशनच्या लाइनीत आहे, मनगटावरच्या पट्टीवर आकडा ४१. मागच्या म्हातारीला चक्कर येते, रूथ तिला आपल्या जागी उभी करते, पट्टी थरथरते, आकडा ३६. चाळीसच्या खाली पाव मिळत नाही. खिडकीतली बाई मान वर न करता म्हणते, "नेक्स्ट." इथे आभाळातून आवाज आणायचा मोह होईल, आणू नका. ती रिकाम्या पिशवीची घडी घालते आणि आजीने शिकवलेली एक अर्धी ओळ पुटपुटते, बस.

अर्धी मुद्दाम म्हणतेय. बायबलवर बंदी असलेल्या राज्यात वचनं पाठांतरातच जगणार, तुटकी, कधी चुकीचीसुद्धा. स्तोत्र १३९ मधलं 'अंधार तुझ्यापासून काही लपवत नाही' एवढंच रूथला येतं, 'रात्र दिवसासारखी उजळते' हा पुढचा भाग दुसऱ्याच कोणाकडे आहे, आणि ते दोघं भेटेपर्यंत वाचकाला थांबायला लावा. प्रत्येक पानावर देवाचं नाव हवंच असंही नाही. बायबलमधल्या एस्तेरच्या हिब्रू पुस्तकात ते एकदाही येत नाही, तरी सगळं त्याच्याच हाताने चाललंय हे वाचणाऱ्याला कळतं.

प्रार्थना केली की सुटका, हे गणितही टाळा. बायबलमधले शद्रख, मेशख, अबेद्नगो राजाच्या मूर्तीपुढे वाकत नाहीत म्हणून त्यांना पेटत्या भट्टीत टाकायचं ठरतं, तेव्हा ते राजाला सांगतात की आमचा देव सोडवू शकतो, आणि नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही (दानीएल ३). नायिकेचा विश्वास या 'नाही सोडवलं तरी'पर्यंत पोचला पाहिजे, आणि तो निर्णय तिला महाग पडला पाहिजे.

हीरो असू दे की, कोण नको म्हणतंय. फक्त 'तू सुंदर आहेस' हे त्याने सांगितल्यावर तिचा न्यूनगंड गेला, असं नको. तो यायच्या आधीच तिचा प्रश्न अर्धाअधिक सुटलेला असू दे. आणि सरकारच्या तोंडीही थोडी वचनं घाला, सोयीने कापलेली, म्हणजे वाचणारी मुलगी संदर्भ तपासायला शिकेल.

उपदेशाचं मात्र सांभाळा. आपल्याकडे हा रोग जुनाच, बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ ची, विधवांचे हाल इतक्या पोटतिडकीने मांडलेत पण मधेमधे उपदेश काही सुटत नाही, अर्थात तेव्हा मराठीत कादंबरीच नवी होती, त्यांना माफ आहे, आपल्याला नाही. ड्राफ्ट झाला की चर्चला न जाणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला वाचायला द्या आणि 'आवडलं का' विचारण्यापेक्षा कुठली पानं उडवलीस ते विचारा. बहुतेक ती म्हाताऱ्या गुरूंच्या लांब भाषणांचीच निघतील, त्यातला एखादा परिच्छेद ठेवा, बाकीचे कापा.