जुन्या दांडीच्या सायकलची क्रूझर करायचीय? मग रंग शेवटी

भंगारवाल्याकडे दूधवाल्याची ती काळी अठ्ठावीस इंची ॲटलस नाहीतर हर्क्युलिस पडलेली असते ना, ती मुळातच पाठ सरळ ठेवून निवांत चालवायची सायकल आहे, म्हणजे अर्धी क्रूझर झालेलीच. घेताना गंजाला घाबरू नका. फ्रेम उलटी करून पॅडलच्या एक्सलजवळचे जोड आणि चिमट्याची (पुढचं चाक धरणाऱ्या फाट्याची) मान तेवढी नीट बघा, तडा असला तर फुकट मिळाली तरी नको.

मी पहिल्या वेळी हौसेनं आधी रंग मारला, मग कॉटर (पॅडलचा दांडा, म्हणजे क्रँक, एक्सलला पक्का धरणारी पिन) काढताना हातोडी सटकली आणि नव्या रंगाचे टवके उडाले. तर आधी ओव्हरऑइलिंग, म्हणजे सगळं खोलून धुऊन ग्रीस. कॉटरला आदल्या रात्री तेल सोडा, नट पिनच्या टोकाशी सपाट येईपर्यंतच सैल करा म्हणजे आटे वाचतात, क्रँकखाली लोखंडी पाइपचा टेकू द्या आणि मग एकच दणका, टुकटुक करत बसलात तर पिन वाकलीच. डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं हे विसरून लोक पान्ह्याला लोंबकळतात. छर्रे मोजून ठेवा, पॅडलच्या एक्सलला बहुतेक एका बाजूला पाव इंची 11 असतात. गुळगुळीत नसतील तर सगळे बदला, फार खर्च नाही.

आता मोह. सगळ्यांना जाडजूड 26 बाय 2.125 इंची टायर हवे असतात, पण छोट्या रिमपर्यंत सळीच्या ब्रेकची रबरं पोचत नाहीत, शिवाय सायकल दोनेक सेंटीमीटर खाली बसते आणि वळणावर पॅडल घासतं. हँडल बदलायचं म्हटलं तर तिथंही ब्रेक आडवा येतो कारण सळ्या त्यालाच जोडलेल्या, आणि त्या रिमला बाजूनं सपाट पट्टीच नसते त्यामुळे केबलचा कॅलिपर (रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारा ब्रेक) लावून धड पकडत नाही. माझं मत विचाराल तर चाकं, हँडल आणि सळ्या जुन्याच ठेवा, रबरं नवी टाका, रिमचा आउट म्हणजे वाकडेपणा काढून घ्या. पैसे घालायचेच तर स्प्रिंगच्या लेदर सीटवर घाला. आणि मागचं 18 दात्यांचं फ्रीव्हील काढून 20 किंवा 22 चं लावा, चढावर बघा काय फरक पडतो (चेनमध्ये एखाददुसरी कडी वाढवावी लागेल).

मग रंग. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, रेडऑक्साइड (गंजरोधक प्रायमर), आणि त्यावर दोन पातळ हात. पावडर कोटिंगला देणार असाल तर कप (एक्सलचे छर्रे बसतात त्या वाट्या) आणि आट्यांवर आवरण लावायला बजावून सांगा नाहीतर एक्सल परत बसणारच नाही. क्रोमचा गंज चुरगळलेल्या फॉइलनं पाणी लावून घासला की बऱ्यापैकी निघतो.

कॉटर बसवताना दोन्ही एकमेकांच्या उलट दिशेनं घाला, नाहीतर पॅडल एका रेषेत येत नाहीत. आणि पहिल्या वीसेक किलोमीटरनंतर त्यांचे नट परत आवळा, सैल होतातच.