जुनं देऊन नवं घेताय? एक्सचेंजमधल्या या चुका टाळा

एक्सचेंजमध्ये बघायचा आकडा एकच, आणि तो म्हणजे जुन्याचे किती मिळाले हा नाही, तर शेवटी खिशातून किती गेले हा. समजा नव्या वस्तूची किंमत 100 आहे. एक दुकानदार म्हणतो जुन्याचे 30 देतो, ऐकूनच बरं वाटतं, पण नव्यावर तो एक पैसा सोडत नाही, म्हणजे वरून भरायचे 70. दुसरा जुन्याचे 20च देतो पण नव्यावर 15 ची सूट देतो, वरून भरायचे 65. आणि आपण जातो 30 वाल्याकडे, कारण 20 ऐकल्यावर आपल्या वस्तूचा अपमान झाल्यासारखं वाटतं.

म्हणून आधी जुन्याचा विषयच काढायचा नाही. "एक्सचेंज नको, असंच घेतलं तर केवढ्याला पडेल?" हे विचारायचं, आकडा लिहून घ्यायचा आणि मग जुनं टेबलावर ठेवायचं. एक्सचेंज बोनस म्हणून जे मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ते कोणत्या मॉडेलवर आहे आणि बँक कार्डावरच्या सवलतीसोबत मिळतं की दोन्हीपैकी एकच, हेही तेव्हाच विचारून घ्या, बिल झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

गाडीच्या बाबतीत हाच गोंधळ जरा महागात जातो. जुन्या गाडीचं कर्ज बाकी असेल आणि ते गाडीच्या आत्ताच्या किमतीपेक्षा जास्त असेल तर उरलेली रक्कम गुपचूप नव्या कर्जात घातली जाते. हप्ता मात्र तेवढाच दिसतो, कारण मुदत वाढवलेली असते. म्हणजे जी गाडी आपल्याकडे राहिलीच नाही तिचं व्याज आपण भरत बसतो. हप्ता किती हे नंतर, एकूण किती भरणार ते आधी.

आता दुकानदार बाहेरच्यापेक्षा कमी देतो म्हणून चिडायचं कारण नाही. त्याला ती वस्तू तपासायची, दुरुस्त करायची, विकली जाईपर्यंत सांभाळायची, वर कधीकधी वॉरंटी पण द्यायची असते. फरक मोठा असेल आणि वेळ असेल तर स्वतः विका. फरक थोडाच असेल तर माझं मत, सोडून द्या, "लास्ट किती" असे मेसेज आठवडाभर झेलण्यापेक्षा ते बरं.

ऑनलाइन दाखवलेली किंमत ही अंदाज असते, पक्की नसते. मी एकदा फॉर्ममध्ये बिनधास्त "उत्तम कंडिशन" टिक केलं, फोन न्यायला आलेल्या माणसाने ब्राइटनेस फुल करून पांढरी स्क्रीन लावली आणि कोपऱ्यात नखाएवढा जांभळा डाग दाखवला. मी कायम डार्क मोड वापरतो, मला तो कधी दिसलाच नव्हता. किंमत तिथल्या तिथे निम्मी. तेव्हापासून ही टेस्ट मी आधी घरी करतो, एकदा पूर्ण पांढरा फोटो, एकदा पूर्ण काळा, मग माइक, स्पीकर, दोन्ही कॅमेरे, फिंगरप्रिंट. *#06# डायल करून 15 अंकी आयएमइआय नंबर, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, आला की त्याचाही फोटो काढून ठेवतो, म्हणजे नंतर "तुम्ही दिलेला फोन हा नाहीच" असं कुणी म्हणालं तर दाखवायला काहीतरी असतं.

चार्जिंग होत नाही म्हणून लगेच दुरुस्तीला पळू नका. बऱ्याचदा पोर्टमध्ये खिशातला कापूस ठासून बसलेला असतो, फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. फुटलेली स्क्रीन मात्र एक्सचेंजसाठी म्हणून बदलू नका, खर्च जास्त आणि वाढून मिळणारी किंमत कमी, आणि स्वस्तातली स्क्रीन टाकली तर नवीन आयफोन सेटिंगमध्ये सरळ "अननोन पार्ट" लिहून दाखवतो. बॅटरी फुगून मागची बाजू उचलली गेली असेल तर तो फोन दाबून बसवायचा नाही, चार्जला लावायचा नाही, कुरिअरने तर पाठवायचाच नाही. सर्व्हिस सेंटरला न्या.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते डेटामध्ये. फोन रिकामा करायचा म्हणून गॅलरीतले फोटो सिलेक्ट ऑल करून डिलीट मारतात, आणि अकाउंट चालूच असल्यामुळे ते क्लाउडवरूनही जातात, नव्या फोनमध्ये बघतात तर काहीच नाही. असं झालंच असेल तर लगेच ट्रॅशमध्ये बघा, काही दिवस तिथे असतात. बरोबर क्रम असा, आधी बॅकअप, मग अकाउंटमधून साइन आउट, मग सेटिंगमधून फॅक्टरी रिसेट. साइन आउट न करता फोन बंद असताना बटणं दाबून उघडणाऱ्या रिकव्हरी मेनूतून रिसेट मारला तर अँड्रॉइड चालू होताना जुनंच गुगल अकाउंट मागतो, आणि ॲक्टिव्हेशन लॉक असलेला, म्हणजे जुन्या मालकाच्या ॲपल अकाउंटला अजून बांधलेला आयफोन तर कुणी घेतच नाही. आयफोन देऊन बसलात आणि तिकडून "लॉक आहे" असा निरोप आला तरी घाबरू नका, दुसऱ्या कुठल्याही ब्राउझरमधून आयक्लाउडच्या फाइंड डिव्हाइसेसमध्ये लॉगिन करून तो फोन अकाउंटमधून काढून टाकता येतो. पासवर्ड कुणाला सांगायची गरज नाही, मागितला तरी देऊ नका.

नवा फोन द्यायला आणि जुना न्यायला एकच माणूस येणार असेल तर अजून एक भानगड. फोनवरून फोनवर थेट ट्रान्सफर करायला दोन्ही फोन हातात लागतात आणि तो माणूस दारात उभा असतो. चॅटचा बॅकअप आदल्या रात्रीच घ्या, ओटीपीचं ऑथेंटिकेटर ॲप दुसऱ्या डिव्हाइसवर हलवून ठेवा, ई-सिम असेल तर ते कसं हलवायचं ते सिमच्या कंपनीला आधी विचारा. दोन दिवस जुना फोन ठेवून नंतर देता येत असेल तर तोच पर्याय घ्या, किंमत जरा कमी मिळाली तरी.

लॅपटॉप ऑफिसचा असेल किंवा कधीकाळी ऑफिसचा होता तर आधी आयटीवाल्यांकडून कंपनीचं लॉक काढून घ्या, ते रिसेट करून जात नाही.

गाडीतली स्क्रीनसुद्धा रिसेट करा, ब्लूटूथने घेतलेले सगळे कॉन्टॅक्ट आणि नकाशातला घरचा पत्ता त्यात तसाच असतो. गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली सहीची पावती घ्या, नाव बदलेपर्यंत दंड आला तर तो तुमच्याच नावावर येतो. आणि दुसरी चावी आधी शोधून ठेवा. ती नसली की पैसे कापतात, आणि ती हमखास व्यवहार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सापडते, आमची जुन्या जॅकेटच्या खिशात होती.