मगर उभयचर का नाही? प्राण्यांचे गट शिकवताना या चुका टाळा

तिसरी-चौथीतल्या मुलाला विचारा, ‘मगर कोणत्या गटात बसते?’ बहुतेक वेळा उत्तर येते, ‘उभयचर’. ‘कशावरून?’ विचारले की लगेच, ‘ती पाण्यातही राहते आणि जमिनीवरही.’ उत्तर चुकले, पण मुलाचा तर्क चोख आहे. चूक नियमात आहे, आणि तो नियम मोठ्यांनीच दिलेला असतो. वर्गीकरणात मुले अडखळतात त्यामागे बहुधा हेच कारण असते: गटांची नावे आधी पाठ होतात, पण गट कशावरून पाडले ते कुणी सांगतच नाही.

एकाच तक्त्यात दोन-तीन कसोट्या

बाजारात मिळणाऱ्या कितीतरी तक्त्यांवर पाळीव, जंगली, जलचर, पक्षी आणि कीटक असे रकाने शेजारी शेजारी असतात. मग बदक कुठे लिहायचे? ते पाळीवही आहे, पाण्यातलेही आहे आणि पक्षीही. मूल गोंधळते, शेवटी तक्त्यात चित्र जिथे दिसले तो रकाना पाठ करते.

यावर उपाय सोपा आहे. वीस चित्रे घ्या आणि तीच वीस चित्रे तीनदा लावायला सांगा. पहिल्यांदा राहण्याच्या जागेवरून, दुसऱ्यांदा खाण्यावरून, तिसऱ्यांदा शरीराच्या रचनेवरून. प्रत्येक वेळी चित्रे मांडण्यापूर्वी कागदाच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत कसोटी लिहून वर ठेवा, आणि फेरी संपली की सगळी चित्रे गोळा करून पिसा. मगर एका फेरीत बदकाबरोबर बसते, दुसरीत वाघाबरोबर, तिसरीत पालीबरोबर. कसोटी बदलली की गट बदलतो हे मुलाला स्वतःच्या हाताने कळते. तिन्ही फेऱ्या एकाच दिवशी उरकू नका. दुसरी फेरी आली की मुले पहिलीच मांडणी पुन्हा लावतात, म्हणून मध्ये एखादा दिवस जाऊ द्या.

उभयचर हा शब्द तर जपूनच वापरावा. खालच्या वर्गात जलचर, भूचर आणि उभयचर हे राहण्याच्या जागेवरून पाडलेले प्रकार म्हणून येतात, आणि वरच्या वर्गात उभयचर हे बेडकाच्या गटाचे नाव होते. लहान मुलांशी बोलताना ‘पाण्यात आणि जमिनीवर राहणारे’ असे सरळ म्हणा आणि उभयचर हे नाव बेडूक-भेक यांच्यासाठी राखून ठेवा. त्या गटाच्या खुणा अशा: त्वचा ओलसर आणि बिनखवल्यांची, अंडी बिनकवचाची, साबुदाण्याच्या खिरीसारखी बुळबुळीत, आणि बहुतेकांची पिले सुरुवातीला कल्ल्यांनी श्वास घेतात.

आता कासव या खुणांवर तपासा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासविणी वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात. अंडी चिवट कवचाची असतात आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात ती फुप्फुसांनी श्वास घेतच. आयुष्य समुद्रात जाते, तरी अंड्यांसाठी कोरडी वाळूच लागते. सरीसृपांची, म्हणजे पाल, साप, कासव, मगर यांच्या गटाची, ओळख इथे पक्की होते. मगरीचेही तसेच: कवचाची अंडी, जमिनीवर घरटे आणि कोरडी, जाड कातडी.

चौकस मुलांना एक पुढची गोष्ट जरूर सांगा. सह्याद्रीतल्या काही झुडपी बेडकांच्या अंड्यांतून बेडूकमासा निघतच नाही, थेट इवलासा बेडूक निघतो. म्हणूनच वर ‘बहुतेकांची’ म्हटले आहे. शिकवताना ‘सगळे’ आणि ‘बहुतेक’ यांत फरक ठेवला तर पुढे खोडावे लागत नाही.

एकाच खुणेवर गट ठरवणे

‘उडतो तो पक्षी, पाण्यात पोहतो तो मासा, पिलांना जन्म देतो तो सस्तन.’ हे नियम पटकन पाठ होतात आणि तितक्याच पटकन कोसळतात. वटवाघूळ उडते, पण अंगावर केस असतात आणि पिलू दूध पिते. घोणस अंडी न घालता थेट पिले देते. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून टाक्यांत सोडतात ते गप्पी मासेही पिलेच देतात. उलट ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस अंडी घालतो आणि पिलांना दूधही पाजतो. खवल्यांचेही तसेच. कोकणात आढळणाऱ्या खवले मांजराच्या पाठीवर खवल्यांचे चिलखत असते, पण ते सस्तनच.

म्हणून मुलांना ‘दोन खुणा’ मागायची सवय लावा. सस्तन म्हणायचे तर केस आणि दूध. मासा म्हणायचे तर कल्ले आणि पर, शिवाय पाठीचा कणा. पक्ष्यांच्या बाबतीत मात्र एक खूण पुरते, कारण आज जिवंत असलेल्या प्राण्यांत पिसे फक्त पक्ष्यांनाच आहेत. पेंग्विन आणि शहामृग न उडताही पक्षी का, याचे उत्तर त्यातच आहे. अंगणात पडलेले कबुतराचे पीस भिंगाखाली दाखवा: तंतू बोटांनी विस्कटा, मग मुळाकडून टोकाकडे हलकेच ओढा, ते पुन्हा एकमेकांत अडकतात. नंतर हात साबणाने धुवायला लावा.

देवमासा आणि डॉल्फिन यांना मुलांनी मासे म्हटले तर रागावू नका. सजीवांचे वर्गीकरण मांडणारा स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस यानेही १७३५ साली देवमासे माशांमध्येच ठेवले होते आणि १७५८ मध्ये त्यांना सस्तनांत आणले. मुलांना सहज तपासता येईल अशी खूण हवी असेल तर शेपटी पाहायला सांगा. माशाची शेपटी डावी-उजवीकडे हलते, डॉल्फिनची वर-खाली. मोबाइलवरचा चांगला व्हिडिओ अर्ध्या वेगाने लावला की हे स्पष्ट दिसते.

‘तो पक्षी आहे, प्राणी नाही’

हे वाक्य फार ऐकू येते. मुलांच्या मनात प्राणी म्हणजे चार पायांचा, केसाळ, मोठा. मुंगी किडा, चिमणी पक्षी, माणूस माणूस, मग प्राणी कोण? तक्त्यावर गट एकाखाली एक लिहिले की हा समज आणखी घट्ट होतो, कारण गटाच्या पोटात गट असतो हे त्यात दिसत नाही.

जमिनीवर खडूने सुमारे दोन मीटरचे वर्तुळ काढा आणि त्यावर ‘प्राणी’ लिहा. त्याच्या आत एक छोटे वर्तुळ ‘पाठीचा कणा असलेले’, आणि त्याच्याही आत पाच छोटी वर्तुळे: मासे, उभयचर, सरीसृप, पक्षी, सस्तन. मुंगी, गोगलगाय आणि खेकडा मोठ्या वर्तुळात, पण कण्याच्या वर्तुळाबाहेर. माणसाचे चित्रही ठेवायला विसरू नका. मग दोन प्रश्न विचारा: ‘सगळे पक्षी प्राणी आहेत का?’ आणि ‘सगळे प्राणी पक्षी आहेत का?’ दोन्हींना मूल ‘हो’ म्हणत असेल तर पुढे जाऊ नका. मुलालाच चिमणीचे चित्र घेऊन त्या वर्तुळात उभे करा आणि ‘तू आत्ता कोणकोणत्या वर्तुळांत आहेस?’ असे बाहेरच्या रेषेपासून मोजायला सांगा.

न दिसणारा कणा

पृष्ठवंशीय (पाठीचा कणा असलेले) आणि अपृष्ठवंशीय (कणा नसलेले) हा सगळ्यांत मोठा भेद, आणि तो वरून दिसत नाही. त्यामुळे मुले साप लवचीक म्हणून गांडुळाशेजारी ठेवतात आणि कासव टणक म्हणून खेकड्याशेजारी. प्रत्यक्षात सापाच्या कण्यात शेकडो मणके असतात, आणि कासवाचा कणा कवचाला आतून जोडलेला असतो.

मासे खाणाऱ्या घरात यापेक्षा चांगला धडा दुसरा नाही. एक बांगडा, एक माकूळ, चार कोळंब्या आणि चार तिसऱ्या (शिंपले) आणा. आधी बांगड्याचे कल्ल्यांवरचे झाकण उचलून आतली लाल झालर दाखवा. मग तो दहा मिनिटे उकडा, निवू द्या आणि वरचे मांस अलगद बाजूला करा. डोक्यापासून शेपटीपर्यंत कणा अखंड हाती येतो. कोळंबी सोलली की आत हाड सापडत नाही, सगळा टणकपणा बाहेरच्या सालीत. चालायच्या पायांच्या पाच जोड्या मोजून घ्या. माकूळ साफ करताना आतून पारदर्शक, प्लॅस्टिकसारखी पातळ पट्टी निघते. मुले हमखास म्हणतात, ‘हा बघा कणा!’ ती पट्टी बोटांनी चाचपायला द्या. तिला मणके नाहीत, सांधे नाहीत. माकूळ तिसरीचे नातलग आहे, दोन्ही मृदुकाय. बाजारात या सगळ्यांना मासळी म्हणतात, पण चारांतला मासा एकच.

शाकाहारी घरात मुलाला पुढे वाकवून एकमेकांच्या पाठीचे मणके बोटांनी मोजायला लावा आणि प्राण्यांच्या सांगाड्यांची चित्रे दाखवा.

पाय मोजताना होणारे घोटाळे

कीटकाला सहा पाय, कोळ्याला आठ, हे सांगून काम भागत नाही. चित्रांतच घोळ असतो. कार्टूनमधल्या मधमाशीला चार पाय, कोळ्याला सहा, आणि पाय पोटाला चिकटवलेले. कीटकाचे सहाही पाय छातीला असतात. म्हणून चित्रे निवडताना छायाचित्रेच घ्या आणि प्रत्येकातले पाय स्वतः एकदा मोजा. मुंगी आणि हत्ती एकाच आकाराच्या चित्रांत असतील तर मागे खरी लांबी लिहून ठेवा.

दुसरा घोटाळा अळीचा. मूल सोळा पाय मोजते आणि म्हणते, हा कीटक नाही. डोक्यामागचे सहा पाय सांध्यांचे, टोकदार असतात, तेच खरे. मागचे मांसल गोळे म्हणजे पकडीसाठीचे आधारपाय, फुलपाखरू होताना ते जातात. केसाळ सुरवंटाला मात्र हात लावू देऊ नका, अंगाला खाज सुटते. गोम आणि पैसा किडा यांतला फरक शरीराच्या भागांवरून करा: गोमेच्या प्रत्येक भागाला पायांची एक जोडी, पैसा किड्याच्या बहुतेक भागांना दोन. गोम आणि विंचू चित्रांतच पाहायचे.

चार लांबडे जीव

पावसाळ्यात कुंडीखाली वळवळणारे सगळेच गांडूळ नसते. गांडुळाला वलये असतात, जबडा आणि डोळे नसतात, आणि ते वलयी प्राण्यांच्या गटात जाते. तसाच दिसणारा वाळा हा साप आहे. नीट पाहिले तर अंग खवल्यांनी चकाकते, बारीक जीभ आत-बाहेर होते आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके दिसतात. सह्याद्रीतले देवगांडूळ वलयांमुळे गांडूळच वाटते, पण त्याला कणा आहे, दातांचा जबडा आहे आणि त्वचा ओलसर आहे, म्हणून ते बेडकाच्या गटात. चौथे मांडूळ, आखूड बोथट शेपटीचा बिनविषारी साप. त्याला दोन तोंडे असतात ही अफवा आहे. ही चार चित्रे शेजारी ठेवून ‘कोण कुणाचा नातलग?’ विचारा. रूप सारखे म्हणून नाते जवळचे असे नसते, हे यातून जितके ठसते तितके इतर कशातून नाही. साप ओळखण्यासाठी कुणीही पकडू नये, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घरी तर ठेवताच येत नाही.

शीतरक्ती म्हणजे थंड रक्त?

उन्हात शेकणाऱ्या सरड्याचे रक्त चांगलेच गरम असते. शरीराचे तापमान बाहेरच्या तापमानाप्रमाणे बदलते, एवढेच सांगा. दहा वर्षांखालच्या मुलांना ही संज्ञा दिली नाही तरी चालते.

तरीही अडले तर

मूल नाव बरोबर सांगते पण ‘कशावरून’ला गप्प बसते, म्हणजे त्याने पाठांतर केले आहे. त्याला न पाहिलेला प्राणी द्या: समुद्रघोडा, उडता मासा, पाणमांजर. सगळे प्राणी दोनच गटांत कोंबत असेल तर गट वाढवू नका, चित्रे वीसवरून आठवर आणा आणि हो-नाही प्रश्नांनी चाला. कणा आहे का? पिसे आहेत का? केस आहेत का? त्वचा ओलसर आहे का? कण्याला ‘हो’ आले तरच पुढे जा, नंतर प्रत्येक ‘नाही’वर पुढचा प्रश्न. आणि एखाद्या मुलाने मगर आणि पक्षी एकत्र ठेवून ‘दोघेही घरटे करतात, पिलांची काळजी घेतात’ असे म्हटले, तर लगेच खोडू नका. आजच्या जीवशास्त्रानुसार मगरीचे नाते पालीपेक्षा पक्ष्यांशी जवळचे आहे. ते चित्र तिथेच राहू द्या, आणखी कोणते साम्य सापडते ते त्यालाच शोधायला सांगा.