चांदणी आकाशकंदील घरीच करा, सोपाय!

बाजारात प्लॅस्टिकचे कंदील ढीगभर मिळतात पण कामट्या बांधत फरशीवर पसारा मांडून बसायची मजा त्यात नाही राव. बांबूच्या दीड फुटाच्या 10 कामट्या घ्या, चाकूने तासून गुळगुळीत करा नाहीतर कुसळं बोटात जातात. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधा, जिथे कामट्या एकमेकींवरून जातात तिथेपण दोरा गुंडाळा. मग दोन्ही एकावर एक ठेवून फक्त टोकं बांधायची आणि आतल्या पाच फुल्यांमध्ये चार-चार इंचाच्या काड्या आडव्या अडकवायच्या, की सांगाडा मस्त फुगतो!

खळ घरचीच बरी, दोन चमचे मैदा वाटीभर गार पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत राहा, पांढरट रंग जाऊन चकाकी आली की झाली. फेविकॉल चालतो पण खळ लावल्यावर कागद सरकवून ताणता येतो आणि बोटं चिकट झाली तरी मुलांना तेच हवं असतं 😄

पतंगाचा कागद लावा, बल्बसाठी एका बाजूला फट ठेवा. झिरमिळ्या सगळ्यात शेवटी. आणि बल्ब एलईडीच घ्या, जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागद करपतो.