कोठडीत मारहाण झाली? आधी कागद करा, आरडाओरडा नंतर

पोराला पोलिसांनी मारलं की घरचे आधी नगरसेवकाकडे पळतात, मग ओळखीच्या पत्रकाराकडे, आणि वकिलाकडे येईपर्यंत चार दिवस गेलेले असतात नि वळ फिके पडलेले असतात. म्हणून पहिलं काम म्हणजे वहीत वेळ लिहा. किती वाजता उचललं, कुठून, कोणी बघितलं. अटकेपासून प्रवास सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावंच लागतं, आणि "नुसतं चौकशीला आणलंय" म्हणत म्हणत हेच तास खाल्ले जातात.

कोर्टात मॅजिस्ट्रेट विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? सगळं फिसकटतं ते इथे. मारणाराच दंड धरून शेजारी उभा, पोरगं मान खाली घालून "नाही" म्हणतं, ते रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, जातं आणि पुढे प्रत्येक तारखेला सरकारी वकील तेच काढून दाखवतो. म्हणून आधीच वकिलाकरवी सांगून ठेवा की हो म्हण, कुठे मारलं ते दाखव आणि मेडिकल माग. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा, 15100 ला फोन करा, कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

त्याच दिवशी सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा असा अर्ज ठाण्यात द्या. परमवीर सिंग सैनी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2020 साली सांगितलंय की ठाण्यात, लॉकअपमध्ये आवाजासकट कॅमेरे हवेत आणि रेकॉर्डिंग 18 महिने, निदान वर्षभर तरी ठेवायचं. तरी कॅमेरा नेमका त्याच दिवशी बंद असतो, काय योगायोग! अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. शिक्का देत नसतील तर हुज्जत नको, सरळ पोस्टात जाऊन एसपींना (जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक) स्पीड पोस्ट करा, आणि पावतीची लगेच झेरॉक्स काढा कारण तिची शाई उडून जाते. एफआयआर घेत नसले तरी हाच रस्ता, आधी एसपींना लेखी, मग मॅजिस्ट्रेट.

मानवी हक्क आयोगाकडे वर्षाच्या आत जा, फी नाही, मराठीत लिहिलं तरी चालतं. राज्य आयोग मुंबईत सीएसएमटीसमोर आहे. राज्य आयोग आणि दिल्लीचा राष्ट्रीय आयोग दोन्हीकडे एकदम पाठवू नका, एकाने हातात घेतलं की दुसरा घेत नाही. आयोग शिफारसच करतो, पण पोलिसांकडून रिपोर्ट मागवतो आणि तो कागद पुढे हायकोर्टात कामाला येतो.

कोठडीत मृत्यू झाला तर मॅजिस्ट्रेटची चौकशी सक्तीची आहे. परभणीत डिसेंबर 2024 मध्ये कोठडीत असलेला लॉ शिकणारा पोरगा गेला, आई औरंगाबाद खंडपीठात गेली, जुलै 2025 मध्ये कोर्टाने एफआयआर नोंदवायला लावला, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं तिथेही हरलं. भरपाईसाठी नीलाबती बेहरा केस सांगा, ओडिशातल्या त्या आईने कोर्टाला साधं पत्र लिहिलं होतं, त्यालाच याचिका मानून 1993 मध्ये सरकारला दीड लाख द्यायला लावले.

आणि हो, पोरगं सुटून घरी आलं की अंगातला शर्ट धुवायला टाकू नका. कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या नाही.