सालीवरील दगडफुलांची वाढ कशी पाहावी आणि कशी मोजावी

झाडाच्या बुंध्यावर करडे, पिवळसर किंवा फिकट हिरवे डाग आणि पापुद्रे दिसले की अनेकजण तो सालीचा रोग समजून खरवडून टाकतात. वास्तविक ती दगडफुले, म्हणजेच लायकेन, असतात. नावात दगड असला तरी ती सालीवरही सुखाने नांदतात. बुरशीच्या धाग्यांच्या विणीत शैवालाच्या किंवा सायनोबॅक्टेरियाच्या (नीलहरित जीवाणूंच्या) पेशी राहतात आणि त्या प्रकाशाच्या साह्याने दोघांपुरते अन्न तयार करतात. हा दुहेरी संसार स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी 1867 मध्ये मांडला, तेव्हा त्या काळच्या अनेक जाणकारांनी तो मानला नव्हता. लायकेनला मुळे नसतात आणि ते झाडाचे अन्न घेत नाही, साल हा त्याचा केवळ आधार असतो. वाळत चाललेल्या झाडावर ते जास्त दिसते याचे कारण इतकेच की पाने विरळ झाल्यावर फांद्यांवर अधिक ऊन पडते.

प्रथम ओळख पक्की करावी. दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला टेकवून सालीच्या जवळ जावे. बारीक खोड आणि पाने दिसली तर ते शेवाळ, म्हणजे मॉस, होय. बोटाला हिरवी भुकटी लागली तर ते बहुधा नुसते शैवाल असते, आणि नारिंगी मखमलीसारखा थर दिसला तरी तो पुष्कळदा ट्रेंटेपोलिया हे शैवालच असते, रंगाने हिरवे नसले तरी. लायकेनचे ढोबळ प्रकार तीन आहेत: सालीला रंगासारखे चिकटलेले, कडा सुट्या असलेल्या पानासारखे आणि झुडपासारखे किंवा लोंबत्या दाढीसारखे. चिकटलेल्या प्रकारात कधी बारीक काळ्या रेघा दिसतात, जणू कोणी अनोळखी लिपीत काही खरडून ठेवले आहे. त्या बुरशीच्या बीजाणू तयार होण्याच्या जागा असतात.

यानंतर पाण्याचा फवारा मारून पाहावा. कोरडे लायकेन करडे आणि ठिसूळ असते, पण भिजताच त्याचा वरचा थर पारदर्शक होऊन आतील शैवालाचा हिरवा रंग काही मिनिटांत वर येतो, आणि पानासारखे प्रकार फुगून पसरटही होतात. नवख्या निरीक्षकाची सर्वांत मोठी चूक येथेच होते: उन्हाळ्यातील कोरडे छायाचित्र पावसातील ओल्या छायाचित्राशेजारी ठेवून तो ‘किती वाढले!’ असे म्हणतो. म्हणून तुलना नेहमी कोरड्याची कोरड्याशीच करावी, आणि फवारा मारण्याआधी छायाचित्र घ्यावे.

वाढ मोजायची असेल तर घाई उपयोगाची नाही. चिकटलेले प्रकार बहुधा वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर सरकतात, पानासारखे काही मिलिमीटर. त्यामुळे दर महिन्याच्या मोजणीत हाताची चूकच अधिक नोंदली जाते. वर्षातून एकदा, त्याच ऋतूत, ढगाळ उजेडात, कॅमेरा सालीला समोरासमोर धरून आणि शेजारी मोजपट्टी टेकवून छायाचित्र घ्यावे. जमिनीपासूनची उंची आणि बुंध्याची दिशा वहीत लिहावी. खुणेसाठी खिळा ठोकू नये. पारदर्शक कागद ठेवून कडेची रेघ उमटवून घेण्याची जुनी पद्धतही चांगली आहे, कारण तिच्यात कडेची प्रत्येक पाकळी वेगळी दिसते. पानासारख्या लायकेनची वाढ मुख्यतः कडेला होते आणि मधला जुना भाग कधी झडून नुसते वलय उरते, म्हणून सगळ्या डागाचा व्यास न घेता चार-पाच पाकळ्यांची टोके स्वतंत्रपणे पाहावीत.

सालीवर एक अडचण आणखी असते, जी दगडावर नसते: बुंधा जाड होत जातो, साल ताणली जाते, तडकते, आणि तिच्यावरील खुणांमधील अंतरही बदलते. त्यामुळे छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेरही दरवर्षी मोजून ठेवावा. ज्या झाडांची साल पापुद्र्यांनी गळते त्यांच्यावर दीर्घ निरीक्षण मांडू नये, कारण पापुद्र्याबरोबर लायकेनही जाते. सालीची आम्लता, खडबडीतपणा आणि ओल धरण्याची शक्ती झाडागणिक वेगळी असल्याने दोन जातींच्या झाडांवरील वाढीची थेट तुलना करू नये.